लाल गाडीचा काटा

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर झाला म्हणून रागावली असशील, तर रागाव. तुला अजून रागावता येतं एवढं कळलं तरी मला बरं वाटेल, कारण तुझ्या पत्रात रागाचा मागमूस नव्हता. लाँड्रीतल्या वाफेनं हात सोलवटलेत, खोलीची मालकीण बरी आहे, संध्याकाळी पाठ टेकली की झोप लागते. सगळं कसं इस्त्री फिरवल्यासारखं सपाट. आणि अगदी शेवटी, कोपऱ्यात जागा उरली म्हणून लिहावी तशी एक ओळ: ‘आता मलाही वाटतं आई, मी काटा नीट पाहिलाच नसेल.’ ती वाचली आणि पत्र शिलाई मशीनच्या खणात बॉबिनांखाली सरकवून दिलं.

आधी इकडचं सांगते, म्हणजे हात जरा मोकळा होईल. आपल्या गॅरेजातल्या फिटरकाकांच्या गुडघ्याचं दुसरंही ऑपरेशन झालं, पण खोड जात नाही. गाडीखाली सरपटत जातात आणि मग आतून हाका मारतात, ‘वहिनी, पाय ओढा!’ मी आणि तुझे बाबा एकेक पाय धरून त्यांना बाहेर काढतो. मी वरच्या खोलीत सीट शिवते, हुड शिवते, गालिचे कापते. सुईत दोरा ओवायला आता चष्म्यावर चष्मा लागतो. कामं कमी झालीत, पण येणारी माणसं तीच. तुला माहीतच आहे ही जमात. बायकोचा वाढदिवस विसरतील, पण गाडीचं साल विचारा, झोपेतून उठून सांगतील. वर ‘त्या सालाचीच खरी, पुढच्या सालापासून बिघडवली’ हे ठरलेलं. पुढच्या सालाचा मालक समोर बसला असेल तर मग चहा थंड होईपर्यंत दोघांची जुंपते.

तुझ्या खोलीत मी काही हलवलेलं नाही. धाकट्याच्या खोलीत मात्र आता मी झोपते. का, ते पुढे येईल.

धाकट्याची आठवण तुला टाळायची असते, ठाऊक आहे मला. तुझ्या पत्रात त्याचं नावही नसतं, जसं काही तो कुठे गावाला गेलाय. पण आज टाळू नकोस. त्याच्याशिवाय हे पत्र लिहिताच येणार नाही. आठवतं, तुमचा तिघांचा तो खेळ? कुठल्या घरात असला खेळ खेळत असतील, देव जाणे. बाबा आपल्या जुन्या लाल गाडीत काहीतरी बदलायचे, काय ते सांगायचे नाहीत. तू आलीस की लांबूनच किल्ली फेकायचे. ‘जा, एक फेरी मार आणि सांग काय बदललंय.’ धाकटा पंच म्हणून शेजारी. त्याला उत्तर माहीत असायचं आणि तोंड मिटून बसायची शपथ असायची. गिरणीच्या भिंतीपासून सरळ रस्ता, पुलाजवळचं वळण, तिथून मागे. तू ओळखलंस तर त्या दिवशीची भांडी बाबांनी घासायची, नाहीतर तू. बाबांनी आयुष्यात जेवढी भांडी घासली ती सगळी तुझ्या कानामुळे. एकदा चारांतला एकच प्लग बदलला होता तोही तू ओळखलास, तेव्हा फिटरकाका म्हणाले होते, ही पोरगी नाही, स्टेथोस्कोप आहे.

पुलाजवळच्या त्या वळणाला तू नेहमी साठवर जायचीस. ना कमी ना जास्त. धाकट्याला तू तेच शिकवलंस, साठला लाल गाडी रेषेत राहते, सत्तरला शेपूट टाकते. जेवताना तुम्ही दोघं बोटांनी टेबलावर ते वळण काढून दाखवायचात आणि मी ओरडायचे की ताटं सांडतील.

आणि मग तो रविवार. तू महिन्याभरानं घरी आली होतीस. फिटरकाका पहिल्या गुडघ्यापायी रजेवर होते, म्हणून काय बदललं ते बाबा आणि धाकटा सोडून कोणालाच माहीत नव्हतं. मी गॅलरीत उभी होते. धाकटा शेजारच्या सीटवर बसून असा हसत होता, जसं काही आज तुला भांडी घासावीच लागणार. मी त्याला शेवटचं बघितलं ते असं, हसताना. पुढचं तुला माहीत आहे आणि मला नाही, मी फक्त पुलाजवळच्या वळणावरचा तुटलेला कठडा पाहिला.

पोलिसांना तू शुद्धीवर आल्या आल्या सांगितलंस, काटा साठवर होता. डॉक्टरांना सांगितलंस, मला सांगितलंस, न मागता परिचारिकेलाही सांगितलंस. आणि त्या तपासनीस इंजिनिअरनं रस्त्यावरचे टायरचे पट्टे मोजून सांगितलं, पंचाहत्तरच्या खाली नव्हतीच. ब्रेक ठीक, स्टिअरिंग ठीक, टायर ठीक. गाडीच्या सालाचं पुस्तक उघडून त्यानं सगळं पडताळून पाहिलं. मग उरलीस तू. वेगात होतीस, हे एक, आणि वर खोटं बोलतेस, हे दुसरं. पेपरात फोटो आला. शेजारची म्हणाली, पोरगी भावाला मारून साठ साठ जपतेय. मी तिच्याशी आजही बोलत नाही, पण खरं सांगू? मलाही तुझं खरं वाटायचं आणि ते पट्टेही खरे वाटायचे. दोन्ही एकदम खरं कसं असेल ते डोक्यात बसत नव्हतं, म्हणून मी विचार करणंच सोडून दिलं.

मग तुझे बाबा तुरुंगात तुला भेटायला गेले. परत आले ते म्हणाले, पोर मान्य करतेय, शिक्षा कमी होईल. कोर्टात तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, वेग जास्त असेल, माझं लक्ष नसेल. तुझा आवाज मला ओळखू आला नाही. दीड वर्ष आत काढलंस, बाहेर आलीस, घरी न येता परस्पर त्या शहरात गेलीस. एवढी गाडीवेडी मुलगी बसमध्येसुद्धा मागच्या बाकावर बसते, समोरचा रस्ता दिसू नये म्हणून. हे तू लिहिलं नव्हतंस, तुझ्या मालकिणीनं फोनवर सांगितलं. तिच्यावर चिडू नकोस.

आता बाबांचं. त्या वर्षापासून त्यांच्यात काही नवीन सवयी आल्या होत्या. कुठलीही गाडी आली की बॉनेट उघडायच्या आधी तिचा स्पीडचा मीटर तपासायचा. गिऱ्हाईक सांगतंय हॉर्न वाजत नाही, आणि हे आपले मीटरची केबल सोडून बसलेत. मी म्हणायचे, दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात. पोरीच्या वेगानं पोळलेत. दुसरी सवय पँटच्या खिशाची. धुवायला टाकायच्या आधी खिसा स्वतः रिकामा करायचे आणि काहीतरी लगेच दुसऱ्या पँटच्या खिशात जायचं. मला वाटायचं सिगारेट पुन्हा सुरू झाली असेल. म्हातारपणी चोरून ओढू दे, म्हणून मीही तिकडे काणाडोळा केला.

तर मागच्या महिन्यात तो दातांचा डॉक्टर आला. उंच, सारखा हसणारा, त्याच्याकडेही लाल गाडीच्याच सालाची गाडी आहे, पांढरी. त्याला लांबच्या प्रवासाला जायचं होतं आणि जुन्या सालाच्या गाडीत इंजिन हायवेला नुसतं किंचाळतं. म्हणून त्याला नंतरच्या सालांतल्या गाडीचा मागचा एक्सल बसवून हवा होता. एक्सल म्हणजे मागची दोन चाकं फिरवणारा तो अख्खा दांडा, मधल्या गिअरच्या पेटीसकट. नंतरच्या सालांत कारखान्यानं तो असा केला की इंजिनाच्या कमी फेऱ्यांत चाक जास्त पळावं. बाबांनी त्याला उभंही केलं नाही. म्हणाले, असली कामं आम्ही करत नाही. इतकं तोडून बोलले की डॉक्टर माझ्याकडे बघायला लागला. तो गेला आणि दुसऱ्या गॅरेजातून काम करून घेऊन पुन्हा आला, यावेळी माझ्याकडे, सीट शिवायला.

मी माप घेत होते आणि तो हसत हसत गंमत सांगत होता. एक्सल झकास बसला, गाडी लोण्यासारखी पळते, फक्त मीटरनं वेड पांघरलंय. म्हणाला, ‘बाई, मी आपला आज्ञाधारक, काटा साठवर ठेवून चाललोय, इंजिनाचा आवाजही रोजच्या साठचाच, आणि सगळ्यांना मागे टाकतोय! रस्त्यावरच्या त्या वेग दाखवणाऱ्या पाटीखालून गेलो तर पाटी म्हणते पंचाहत्तर.’ मग त्यानं सांगितलं की केबल फिरवणारं एक छोटं गिअर असतं, एक्सल बदलला की तेही बदलावं लागतं, ते गॅरेजवाला विसरला.

साठ आणि पंचाहत्तर. माझ्या हातातली टेप खाली पडली. तो डॉक्टर घाबरून पाणी आणायला धावला.

मी शिवणारी बाई, मला गाड्यांतलं फार कळत नाही. पण हे मला माझ्या मशीनवरून कळलं. मशीनचं छोटं चाक बदलून त्याहून लहान बसवलं, तर पाय तेवढेच मारून सुई जास्त पळते. जो फक्त माझे पाय मोजत बसलाय त्याला वाटणार, बाई रोजच्याच वेगानं शिवतेय. गाडीचा मीटर चाकं मोजत नाही, गिअरबॉक्समधून मागे जाणाऱ्या दांड्याचे फेरे मोजतो. मागचा एक्सल बदलला की तेवढ्याच फेऱ्यांत चाकं जास्त रस्ता खातात आणि मीटरला त्याचा पत्ता नसतो. इंजिनाच्या आवाजालाही नसतो. तुझा कान आणि तुझे डोळे दोघंही तुला साठच सांगत होते.

डॉक्टर गेल्यावर मी मागच्या शेडमध्ये गेले. तिथे ती हिरवी गाडी आहे ना, लाल गाडीहून आठ वर्षांनी पुढच्या सालाची, सुट्या भागांसाठी घेतलेली. तिच्यावर मी रोज धुतलेली कव्हरं वाळत टाकते. गेली चार वर्षं ती मागच्या बाजूनं विटांवर उभी आहे. मागची चाकं नाहीत, चाकांमधला तो दांडाही नाही. मी रोज बघत होते आणि काखेत कळसा तशी अवस्था. शेजारी ताडपत्रीखाली लाल गाडी. केस संपल्यावर ती परत आली तेव्हापासून बाबांशिवाय तिला कोणी हात लावलेला नाही. मी ताडपत्री पहिल्यांदाच काढली. फिटरकाकांना बोलावलं, विचारलं केबल कुठे शिरते. काकांनी वाकून दाखवलं, गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला. तिथे नुसतं भोक होतं. गिअर काढून घेतलेलं आणि भोकात धूळ जाऊ नये म्हणून पांढरं स्वच्छ फडकं कोंबलेलं. मोडक्या गाडीच्या भोकात धूळ जाऊ नये अशी काळजी जगात एकच माणूस घेतो. काकांनी तिच्या मागे बसवलेला हिरवीचा एक्सल ओळखला, मग मान खाली घालून म्हणाले, वहिनी, मला खरंच ठाऊक नव्हतं.

भर दुपार होती. बाबा बाकावर डबा उघडून पेपर वाचत बसले होते. मी ते फडकं त्यांच्या पेपरवर ठेवलं. त्यांचा हात खिशात गेला आणि फडक्याशेजारी ते गिअर आलं. अंगठ्याच्या पेराएवढं, पांढऱ्या प्लास्टिकचं, खिशात राहून राहून पिवळं पडलेलं. इतकी वर्षं मी सिगारेट समजत होते.

ते म्हणाले, त्यांना आधी ठाऊक नव्हतं. आठ वर्षांच्या अंतराचे दोन भाग एकमेकांना जुळवायचे, भोकं जमत नाहीत, ब्रेकच्या नळ्यांचे आटे वेगळे, ते सगळं धाकट्याबरोबर बसून जमवलं, आणि जमलं या आनंदात हे एवढंसं गिअर बदलायचं राहून गेलं. नवीन गिअर हिरवीतच होतं, हाताच्या अंतरावर. आणि मग हॉस्पिटलात तू त्यांना विचारलंस. मलाही आठवतं ते. नाकाला नळी, तरी तू विचारलंस, ‘बाबा, काय बदललं होतं?’ खेळातलाच प्रश्न. ते म्हणाले, ‘मागचा एक्सल म्हणायला मी तोंड उघडलं आणि त्या क्षणी मला कळलं. तोंडातून निघालं, क्लचची प्लेट. एकदा निघालं ते निघालं.’ तू मान हलवलीस. तुझ्या बाबांवर तू कधी शंका घेतली नव्हतीस, तर तेव्हा कशाला घेतेस.

मी म्हटलं, आणि मग तुरुंगात जाऊन तिच्याकडून कबूल करून घेतलंत. त्यावर म्हणाले, तिची शिक्षा संपणार होती, माझी संपली नसती. मग म्हणाले, ‘आणि तू राहिली असतीस माझ्याजवळ?’ मी त्यांचा डबा उचलला आणि घासून ठेवला, कारण इतक्या वर्षांची सवय, हाताला काही कळत नाही. त्या दिवसापासून मी धाकट्याच्या खोलीत झोपते. जेवण करते, वाढते, बोलत नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणतात ते. मला त्यांचा राग येतो, इतका की कात्री हातात धरवत नाही. आणि ते गाडीखालून बाहेर येताना डोकं आपटलं तर माझा जीव अजूनही वर येतो. हे दोन्ही मी तुझ्यापासून लपवणार नाही. लपवालपवी या घरात पुष्कळ झाली.

परवा त्यांनी आपणहून इस्त्रीचा शर्ट घातला आणि म्हणाले, चल. आम्ही तुझ्या वकीलबाईंकडे गेलो. बाबा सांगत गेले, त्या लिहीत गेल्या, खेळापासून खिशापर्यंत सगळं. त्यांनी सही केली, साक्षीदार म्हणून खाली मीही केली. बाई म्हणाल्या, केस पुन्हा उघडता येईल, तुझ्यावरचा डाग पुसता येईल, पण अर्ज तूच करायला हवास. आणि ती उघडली की तुझ्या बाबांना बहुधा आत जावं लागेल. या वयात आत गेलेला माणूस परत कसा येतो ते तू माझ्याहून जास्त जाणतेस. कागद बाईंकडून वेगळे येतील. माझ्यासाठी सही करू नकोस आणि त्यांच्यासाठी थांबू नकोस. त्यांनी तुला निरोप द्यायला सांगितला होता. मी नाही म्हटलं. तो त्यांनी तुझ्यासमोर उभं राहून द्यावा.

पण हे पत्र त्या सहीसाठी नाही. ते मी तुझ्या कोपऱ्यातल्या एका ओळीसाठी लिहिलंय. चार वर्षं सगळे तुझे डोळे खोटे ठरवत आले, आणि मागच्या पत्रात तुझी शेवटची खात्रीही गेली. म्हणून ते गिअर पाकिटात घातलंय, फडक्यात गुंडाळून. हातात घेऊन बघ, वजनही लागत नाही त्याचं. धाकटा शेजारी हसत होता तो तू ओळखायची वाट बघत होता, आणि ओळखण्यासारखं कोणी तुझ्यासमोर काही ठेवलंच नव्हतं. तुझं लक्ष होतं. तू काटा नीट पाहिला होतास, बाळा. काटा साठवरच होता.

तुझ्या शब्दावर उशिरा का होईना, उभी असलेली,
तुझीच
आई